पावडरचा कुठला पंप चांगला? ताई, आधी तुम्ही ओढता कसा ते बघू

प्रश्न : मी चिपळूणला राहते, वय ३९, शाळेत शिक्षिका आहे. दमा लहानपणापासून. आधी स्प्रेचा पंप होता, दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी पावडरच्या कॅप्सूल घालून ओढायचा रोटाहेलर दिला. कॅप्सूल दोन प्रकारच्या आहेत. लेव्होसाल्ब्युटामॉलची दम लागला की घ्यायची. ती दिवसातून दोन-तीनदा लागतेच. दुसरी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची, सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आहे, पण तिच्यात स्टेरॉइड आहे म्हणून जास्त त्रास असेल त्या आठवड्यातच घेते. पंप ओढताना स्प्रेच्या वेळी शिकवलं होतं तसाच सावकाश ओढते. आत काही अडकलेलं असू नये म्हणून आधी एकदा फुंकर मारून घेते. कधी कधी कॅप्सूलच्या कवचात पावडर उरलेली दिसते. पावसाळा सुरू झाला की पहाटे तीनला खोकल्याने जाग येते, उठून बसावं लागतं. दुबईच्या दिरांकडे टर्ब्युहेलर आहे. ते म्हणतात, याच्यासारखा पंप नाही, मी तर लागेल तेव्हाच घेतो. शाळेतल्या एका बाईंकडे अ‍ॅक्युहेलर आहे, त्यांना दोन वर्षांत त्रास नाही. गेल्या महिन्यात दुकानदाराने ‘औषध तेच आहे’ म्हणून दुसऱ्याच कंपनीचा पंप आणि त्याच्या कॅप्सूल दिल्या. या सगळ्यांत सर्वांत परिणामकारक कोणता? थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि सासरे ७४ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं बिडी ओढायचे, त्यांनाही कॅप्सूलचाच पंप आहे. दोघांत एक चालेल का?

उत्तर :

ताई, सगळं इतकं तपशीलवार लिहिलंत याबद्दल आधी आभार मानते. बहुतेक पत्रांत पंपाचं नाव असतं, तो ओढतात कसा हे नसतं. तुमच्या पत्रात ते आहे, आणि तुमचं उत्तरही बरंचसं तिथेच आहे.

सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर आधी. टर्ब्युहेलर, अ‍ॅक्युहेलर, रोटाहेलर या पावडरच्या पंपांतला अमुक एक सर्वांत परिणामकारक, असं आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. प्रयत्न पुष्कळ झाले. ब्रिटनमध्ये २००१ साली तोपर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली पुन्हा तेच काम केलं. दोन्हीकडून निघालं ते एकच : औषध तेच असेल आणि पंप नीट वापरला असेल, तर दमा आटोक्यात येण्यात उपकरणाने फारसा फरक पडत नाही.

‘नीट वापरला असेल तर’ या चार शब्दांपाशी मात्र थांबायला हवं. चाचणीत भाग घेणाऱ्याला आधी पंप शिकवतात, पुन्हा करून दाखवायला लावतात, आणि ज्याला जमतच नाही त्याला बहुधा चाचणीत घेत नाहीत. सकाळी ओट्याशी उभं राहून, एका हाताने डबा भरत, शाळेची वेळ गाठायची म्हणून पंप ओढणाऱ्या बाईचा त्या आकड्यांत समावेश नसतो. तिची गोष्ट सापडते ती रुग्ण पंप प्रत्यक्षात कसा ओढतात हे बघणाऱ्या अभ्यासांत. २०१६ साली चाळीस वर्षांतले असे १४४ अभ्यास एकत्र वाचले गेले, त्यांत ५४,००० हून अधिक लोक होते. पंप अचूक वापरणारे निघाले शंभरात ३१. आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली नाही. पावडरच्या पंपाच्या बाबतीत शंभरातले ४६ जण ओढण्याआधी श्वास पुरता बाहेर सोडत नव्हते, ३७ जण नंतर श्वास रोखत नव्हते, २९ जणांचा पंप भरण्यातच चुकत होता. दोन पंपांमध्ये जो काही फरक असेल, त्याच्या कितीतरी पट फरक एकच पंप नीट ओढण्यात आणि चुकीचा ओढण्यात पडतो. म्हणून पंप बदलायच्या आधी मी तुमचं ‘सावकाश ओढते’ पकडते.

तुमच्या जुन्या स्प्रेमध्ये दाबाखालचा वायू असतो. बटण दाबलं की औषध वेगाने बाहेर उडतं. तिथे तुम्ही जोरात ओढलंत तर ते घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं, म्हणून सावकाश ओढायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पावडरच्या पंपात असा ढकलणारा वायू नसतो. तिथलं इंजिन म्हणजे तुमचा श्वास.

आणि त्या श्वासाला नुसती पावडर उचलायची नसते, फोडायचीही असते. फुप्फुसात आतपर्यंत पोचायला औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. इतकी बारीक पूड एकमेकांना चिकटून बसते, कॅप्सूलमध्ये भरताही येत नाही. म्हणून बहुतेक पंपांत ती लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या मोठ्या कणांवर बसवलेली असते. अनारशाला खसखस चिकटलेली असते, तशी. जोराचा झटका बसला तरच खसखस सुटते आणि श्वासाबरोबर खोल जाते. सावकाश ओढलंत तर अख्खा अनारसा खसखशीसकट जिभेवर आणि घशात जाऊन बसतो. तोंडाला गोडसर चव येते, औषध घेतल्यासारखं वाटतं, छातीत मात्र त्यातलं फारसं काही उतरलेलं नसतं. उत्तम ओढलं तरी औषधाचा बराच भाग तोंडात आणि घशातच राहतो. त्यात हळू ओढणं म्हणजे उरलेलंही गमावणं.

हे सगळ्या पावडर-पंपांना सारखंच लागू आहे का? नाही. पंपांमधला खरा फरक आहे तो इथेच.

शहाळं पिताना एक नळी जाड असते, एक बारीक. बारीक नळीतून ओढायला गाल आत जातात. पंपांचंही तसंच आहे. रोटाहेलर, ब्रीझहेलर हे जाड नळीसारखे, हवा सहज आत येते. पण सहज येते म्हणूनच पावडर फुटायला तिचा वेग जास्त लागतो. टर्ब्युहेलर आणि त्याहून जास्त हँडीहेलर हे बारीक नळीसारखे. ओढायला जड वाटतात, पण त्या अडथळ्यामुळेच आत हवेचा भोवरा तयार होतो आणि पावडर कमी वेगातही फुटते. अ‍ॅक्युहेलर या दोन टोकांच्या मधला. ओढायला जड म्हणजे वाईट आणि हलका म्हणजे चांगला, असा हिशेब म्हणून करता येत नाही. दिरांकडे आहे तशा टर्ब्युहेलरवर झालेल्या एका मोजणीत, मिनिटाला ६० लिटरच्या वेगाने ओढल्यावर डोसाच्या जेमतेम २८ टक्के औषध फुप्फुसात पोचलं; वेग ३५ च्या आसपास आणल्यावर ते १५ टक्क्यांवर आलं. पंप तोच, माणूस तोच, औषध जवळजवळ निम्मं. अ‍ॅक्युहेलरमधून बाहेर पडणारा डोस वेग कमी-जास्त झाला तरी बराच सारखा राहतो, हा त्याचा गुण. रोटाहेलर वेगाच्या बाबतीत जास्त मागणी करतो, हा त्याचा दोष. मात्र त्याचा एक गुण या दोघांतही नाही. औषध गेलं की नाही हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं.

अशा सुरुवातीच्या पंपांपैकी एक कुणी तयार केला हे सांगायचा मोह मला नेहमी होतो. रॉजर अल्टुन्यान हे सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेले डॉक्टर, स्वतः दम्याचे रुग्ण. दुसऱ्या महायुद्धात ते विमान चालवत. पुढे दम्यावरचं नवं औषध शोधताना त्यांनी स्वतःला मुद्दाम दमा उठवून ते स्वतःवर तपासलं, आणि ती पूड फुप्फुसात नेण्यासाठी आत पंखा फिरणारा स्पिनहेलर तयार केला. कल्पना विमानाच्या पंख्याची, पंखा फिरवायचा तो रुग्णाच्या श्वासाने. स्वतःची छाती भरून आल्यावर श्वासात किती जोर उरतो हे त्यांना ठाऊक होतं. पावडरच्या पंपाचं सगळं तंत्र अजूनही त्याच जोरावर उभं आहे.

आता तुमचा रोटाहेलर हातात घ्या. घाई नसताना, बसून. हात कोरडे करा. ओल्या बोटांनी कॅप्सूल धरली की तिचं कवच लगेच चिकट होतं. पंप उभा धरून चौकोनी भोकात कॅप्सूलचं पारदर्शक टोक आधी घाला आणि ती भोकाच्या कडेशी सपाट होईपर्यंत दाबा. खालचा भाग थांबेपर्यंत फिरवा. फिरवल्यावर कॅप्सूलचे दोन भाग वेगळे झाले का, अर्धं कवच आत पडलं का, हे पंपाच्या पारदर्शक भागातून बघायचं. ते सुटलंच नसेल तर तुम्ही नुसती हवा ओढाल.

मग मान बाजूला वळवा आणि श्वास पूर्ण बाहेर सोडा. बाजूला म्हणते, कारण तुम्ही आधी पंपात फुंकर मारता. ती आजपासून बंद. तोंडातली वाफ पावडरला लागली की तिच्या गुठळ्या होतात, आणि कॅप्सूल उघडलेली असेल तर औषध फुंकरीने उडूनही जातं. श्वास सोडून झाला की पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, आणि पहिल्या क्षणापासून जोरात, खोल ओढायचं. हळू सुरुवात करून शेवटी जोर लावला तर उपयोग होत नाही, कारण पावडर निघून जाते ती सुरुवातीलाच. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायच्या आधी तुम्ही छाती भरून घेता ना, त्याहून जोरात. ओढताना आत कवचाची खडखड ऐकू आली पाहिजे. मग पंप बाजूला, तोंड बंद, मनात दहा अंक, आणि श्वास सोडा.

आता कवच बाहेर काढून उजेडाकडे धरा. आत पांढरा थर दिसतो? मग तीच कॅप्सूल पुन्हा घालून पुन्हा ओढा. दोनदा ओढल्याने डोस दुप्पट होत नाही, पहिल्यांदा राहिलेला पुरा होतो एवढंच. तुम्ही लिहिलेली ती ‘उरलेली पावडर’ दीड वर्ष तुम्हाला हेच सांगते आहे. शेवटी चूळ भरून थुंकून टाका, नाहीतर स्टेरॉइडमुळे तोंड येतं, आवाज बसतो, आणि आवाज बसून तुमचं कसं चालेल?

पावसाळ्याचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण कोकणातला जुलै-ऑगस्ट या पंपांचा मोठा शत्रू आहे. हवेतला ओलावा पावडरही खातो आणि कवचही. कॅप्सूल आपल्या मूळ बाटलीतच ठेवा, आतली शोषक पुडी फेकू नका, सोयीसाठी स्टीलच्या डबीत काढून ठेवू नका. न्हाणीघराच्या जवळ, गॅसच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर बाटली नको; फ्रीजमध्येही नको, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं. आठवड्यातून एकदा रोटाहेलर पाण्याने धुता येतो, पण पुरता वाळल्याशिवाय त्यात कॅप्सूल घालायची नाही. तुमच्याकडे पावसात रुमाल दोन दिवस वाळत नाही, पंप कुठून वाळणार? म्हणून मी कोकणातल्या रुग्णांना दोन रोटाहेलर ठेवायला सांगते. एक वापरात, एक वाळत. नुसता पंप स्वस्त मिळतो. दिरांना मात्र निरोप द्या की टर्ब्युहेलर कधीही धुवायचा नसतो, कोरड्या फडक्याने पुसायचा. आणि तो हलवल्यावर वाजतो ते औषध नव्हे, ओलावा शोषणारे आतले खडे. पंप संपला तरी ते वाजतातच. आवाज येतोय म्हणून रिकामा टर्ब्युहेलर ओढत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

इथवर पंपाचं झालं. पण ताई, तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजी वाटलेली गोष्ट पंपाची नाही.

तुम्ही लेव्होसाल्ब्युटामॉल रोज दोन-तीनदा घेता आणि स्टेरॉइडची कॅप्सूल अधूनमधून. हे नेमकं उलटं झालंय. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. लेव्होसाल्ब्युटामॉल आवळलेली नळी काही तासांसाठी सैल करतं, सुजेला ते हातही लावत नाही. तुम्हाला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या आड सूज वाढत राहते. जगभरच्या दमातज्ज्ञांचा ‘जिना’ हा मार्गदर्शक गट २०१९ पासून स्पष्ट सांगतो की मोठ्या माणसांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या दम्यावर नुसत्या सैल करणाऱ्या औषधावर राहू नये, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. असं नुसत्या आरामाच्या पंपावर राहणाऱ्यांना जोराचा, जिवावर बेतणारा झटका येण्याचा धोका वाढतो. पहाटे तीनला उठून बसावं लागणं आणि आरामाची कॅप्सूल आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागणं, या दोन्ही दमा हाताबाहेर चालल्याच्या खुणा आहेत. तुम्हाला ती रोज दोन-तीनदा लागते.

स्टेरॉइडची भीती मी समजू शकते, हा शब्दच आपल्याकडे बदनाम आहे. आकडे बघा. तुमची कॅप्सूल २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइडची धरली तर दिवसाचे दोन डोस ४०० मायक्रोग्रॅम. जोराचा झटका आल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्या मोठ्या माणसाला बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि तेही पाच-सात दिवस. शंभर दिवस कॅप्सूल घेतल्यावर जेवढं वजन भरतं, तेवढं गोळ्यांच्या एका दिवसात पोटात जातं. दोन्ही औषधांची ताकद वेगळी, त्यामुळे ही तुलना काट्यावर तोलण्याची नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगते. रोजची कॅप्सूल चुकवून तुम्ही स्टेरॉइड टाळत नाही आहात, मोठ्या डोसाची वेळ जवळ आणता आहात. पंपाची ‘सवय’ही लागत नाही. सोडल्यावर त्रास परत येतो तो मूळचा आजार असतो. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. वर्षातून एकदा घेतलं की मोकळं, हे मनाला फार बरं वाटतं. पण सूज रोजची आहे, तिला औषधही रोज लागतं.

आता दीर आणि शाळेतल्या बाई. तुम्ही त्यांचे पंप शेजारी ठेवून तोलताय, आतली औषधं वेगळी असतील हे लक्षात न घेता. दिरांच्या टर्ब्युहेलरमध्ये बहुधा बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असणार. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं, त्यामुळे हे मिश्रण सौम्य दम्यात लागेल तेव्हा घेण्याची पद्धत २०१८ मधल्या मोठ्या चाचण्यांनंतर रूढ झाली आहे. दर वेळी आराम आणि सुजेवरचं औषध एकाच ओढीत जातं. म्हणजे दीर ‘लागेल तेव्हाच’ घेतात तेव्हाही स्टेरॉइड घेतात. तुम्ही लागेल तेव्हा जे घेता त्यात ते नाही. बाईंच्या अ‍ॅक्युहेलरमध्ये बहुधा साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकासोन. साल्मेटेरॉलला वेळ लागतो, ते दम लागल्यावर घ्यायचं औषधच नव्हे. सकाळ-संध्याकाळ नेमाने घ्यावं लागतं. त्यात त्या पंपावर उरलेल्या डोसांचा आकडा दिसतो, त्यामुळे चुकवलेलं स्वतःपासूनही लपत नाही. त्यांच्या दोन वर्षांच्या स्वास्थ्याचं श्रेय मी पंपापेक्षा त्यांच्या नेमाला देईन. तुमच्याकडच्या बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलवरच रोजचं आणि लागेल तेव्हाचं दोन्ही भागवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने मात्र सुरू करू नका, दिवसाची कमाल मर्यादा ठरवून घ्यावी लागते.

दुकानदाराने केलेला बदल मला मान्य नाही. औषधाचं नाव तेच असलं तरी पंप बदलला की भरायची रीत बदलते, ओढायचा जोर बदलतो. एका पंपाची कॅप्सूल दुसऱ्यात घालू नका. कवच कापलं किंवा टोचलं कसं जाणार हे त्या-त्या पंपावर ठरतं. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णाशी प्रत्यक्ष न बोलता पंप बदलला गेला त्यांचा दमा आधीपेक्षा बिघडलेला दिसला. चिठ्ठीवर औषधाबरोबर पंपाचंही नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि वेगळं दिलं तर परत करा.

सासऱ्यांना तुमचा पंप नको. उष्ट्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न औषधाचा आहे. बरीच वर्षं बिडी ओढलेल्या ७४ वर्षांच्या माणसाचा आजार बहुधा दम्याहून वेगळा, सीओपीडी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा असतो, आणि त्यातली काही औषधं दम्यात एकटी घेणं धोक्याचं आहे. त्यांच्या श्वासात पावडर उचलायचा जोर उरलाय का, हे छातीरोगतज्ज्ञांकडे एका छोट्या उपकरणावर मोजता येतं. जोर कमी असेल तर त्यांना स्प्रे आणि स्पेसरच, म्हणजे स्प्रेला जोडायची पोकळ नळीच बरी. आणखी एक बघा, ते कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत तर नाहीत ना? हसू नका, हे इतक्या ठिकाणी घडतं की अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना २००८ साली त्याबद्दल सूचना काढावी लागली होती. त्यांच्यासमोर बसून एकदा बघाच.

मग पंप बदलायचा की नाही? माझं मत : दोन महिने नाही. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल रोज दोन वेळा, जोरात ओढून, कवच उजेडात बघून. इतकं करूनही दर वेळी कवचात पावडर उरत असेल, तर तुमच्या श्वासाला रोटाहेलर मानवत नाही असं समजू आणि डॉक्टरांशी बोलून दुसरा घेऊ. पैशांची तयारी आहे म्हणालात, तर तेव्हा कमी वेगातही चालणारा आणि डोसाचा आकडा दाखवणारा पंप निवडा. पण बाराही महिने परवडेल असाच. चार महिने महागडा आणि आठ महिने काहीच नाही, हे मला चालणार नाही.

डॉक्टरांकडे मात्र या आठवड्यातच जा, रात्रीची जाग वाट बघण्याजोगी नाही. जाताना दोन्ही कॅप्सूलच्या बाटल्या आणि दुकानदाराने दिलेला पंप पिशवीत घाला आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. घरात आरामाच्या औषधाचा एक स्प्रे आणि स्पेसर ठेवण्याबद्दलही विचारा. जोराचा झटका आला की छातीत पावडर ओढण्याइतका दम उरत नाही, तेव्हा स्पेसर उपयोगी पडतो. तो वापरताना पुन्हा सावकाश ओढायचं, म्हणून दोन्ही रीती कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, किंवा आरामाचं औषध घेऊन तास-दोन तासांत दम परत चढत असेल, तर कुठल्याही पंपाचा विचार न करता १०८ ला फोन करा.

आणि मला दोन गोष्टी कळवा. पुढच्या महिन्यात पहाटे किती वेळा जाग आली, आणि एका ओढीत कवच स्वच्छ निघालं असे दिवस किती होते.